वय ४३, मोटर रिवाइंडिंग शिकायचंय, कोल्हापुरात उमेदवारीला कोण घेईल का?

करवीरकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून लिहितोय. बी.कॉम. झालंय, एका पतसंस्थेत १८ वर्षं काढली, आधी कॅशला, मग क्लार्क, शेवटी शाखेचा अकौंटंट. दिवाळीनंतर आमची शाखा बंद केली, दुसरीकडं जागा नाही म्हणाले आणि मी घरी आलो. मुलगी अकरावीला, मुलगा सातवीत, घरी मिसेस ब्लाऊज शिवते त्यावर आणि थोड्या साठवणीवर चाललंय. दोन महिने अकौंट्सच्या नोकऱ्या बघितल्या, सगळीकडं पंचविशीतली पोरं पाहिजेत आणि पगार मी दहा वर्षांपूर्वी घेत होतो तेवढा.

आता मुद्द्याचं. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरची ५ एचपीची मोटर जळली, मी आणि धाकटा भाऊ रिक्षात घालून उद्यमनगरात घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला उद्या या, पण मी तिथंच बाकड्यावर बसलो, अकरा ते चार. एक पंचावन्नच्या आसपासचे मिस्त्री स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, समोर घेऊन बसलेले, त्याच्या स्लॉटमधे (खाचांमधे) पेपर घालायचे, तारांचा जुडगा बोटांनी पसरून एक एक तार आत सोडायची, सगळ्या आत गेल्या की वरून बांबूची पट्टी सारायची आणि पुढचा स्लॉट. मधे कोण काय बोललं तरी मान वर नाही. मला तिथनं उठावंसंच वाटंना. तेव्हापासनं डोक्यात बसलंय की हे काम शिकायचं.

तीन दुकानात विचारून आलो. एकानं सांगितलं आमच्याकडं एकोणीस-वीसची पोरं असतात. दुसरा म्हणाला साहेब तुम्ही वयानं मोठे, तुम्हाला झाडून घ्या, चहा सांगून या असं मी कसं म्हणू. तिसऱ्यानं नंबर घेतला, फोन आला नाही. सरकारी अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर पण नाव घालायला बसलो होतो, त्यातलं निम्मं कळलं नाही. तर ४३ व्या वर्षी आयटीआयला घेतात का, अप्रेंटिस म्हणून कायद्यानं कोण घेऊ शकतं का, आणि वाइंडिंगचं काम यायला खरंच किती दिवस लागतात? पहिल्या वर्षात घरात काय आणू शकेन ते पण कुणी खरं खरं सांगा, मिसेसला तेच सांगायचंय.

---

निवृत्त_निदेशक

आयटीआयमधे इलेक्ट्रिशियन शिकवण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळं कागदाची बाजू मी सांगतो.

आयटीआयच्या प्रवेशाला वय १४ पूर्ण पाहिजे, वरची मर्यादा नाही. माझ्या वर्गात चाळिशीचे दोघं बसून गेलेत, पोरं त्यांना काका म्हणायची आणि परीक्षेच्या आधी त्यांच्याच वह्या मागायची. इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, वायरमन पण दोन वर्षं, वाइंडिंग इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमात आहे. पण रोज दिवसभर हजेरी लागते, दोन वर्षं कमाई नाही म्हणून धरा. तुमच्या घरची परिस्थिती वाचून मी हा रस्ता एकदम सुचवणार नाही, पण दार बंद नाही एवढं लक्षात ठेवा.

शिकाऊ उमेदवारीचं म्हणाल तर १९६१ चा अप्रेंटिस कायदा कमाल वय सांगत नाही. अडचण पैशात आहे. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनातला सरकारी वाटा १४ ते ३५ वयाच्यांसाठीच मिळतो, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण ३५ लाच थांबते. म्हणजे कंपनीनं तुम्हाला घेतलं तर सगळा भार तिच्यावर, मग ती कशाला घेईल. शिवाय अप्रेंटिस घेण्याची सक्ती ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आहे, आणि वाइंडिंगचं दुकान म्हणजे मालक धरून चार-पाच हात. पोर्टलवर तुम्ही वर्षभर बसलात तरी असलं दुकान तिथं सापडायचं नाही. पीएम विश्वकर्माचं पण कुणीतरी सांगेल, त्यातल्या १८ व्यवसायात सुतार, लोहार, सोनार, गवंडी, शिंपी आहेत, इलेक्ट्रिशियन किंवा वाइंडर नाही. (शिंपी आहे म्हणून सांगतो, वहिनी घरी शिवतात तर त्यांच्यासाठी चौकशी करा, टूलकिटला १५,००० पर्यंत मिळतात आणि कर्ज ५ टक्क्यानं.)

तेव्हा तुमच्यासाठी जुनी उमेदवारीच खरी, मिस्त्रीच्या हाताखाली. हात बसला की आधीच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, त्याला आरपीएल म्हणतात, ते तेव्हा करून घ्या. आणि एक सांभाळा, मोटर दुरुस्त करणं वेगळं आणि लोकांच्या घरात, शेतात वायरिंग करणं वेगळं, त्याला वायरमनचं परमिट लागतं. गिऱ्हाईक म्हणेल जाता जाता एवढी पेटी पण जोडून द्या, तिथं हात घालू नका.

---

उद्यमनगर_वाइंडर

दादा माझं दुकान आहे, २६ वर्षं झाली. तुम्हाला नाही म्हणाले त्यांचं काय होतं ते सांगतो म्हणजे तुम्हाला वाईट वाटणार नाही. मोठ्या माणसाला चुकलं म्हणायला जीभ रेटत नाही. पोरगं असलं की तार कापली गेली तर ओरडतो आणि विषय संपला, तुमच्यासारख्याला काय म्हणायचं? हा अवघडलेपणा तुम्हीच काढायला पाहिजे. परत जाल तेव्हा आधीच सांगा, मिस्त्री मला अरे-तुरे करा, चुकलं तर सगळ्यांसमोर बोला, झाडण्यापासनं करणार. आणि नुसतं विचारायला जाऊ नका, फेब्रुवारी ते मे आमच्याकडं जळलेल्या मोटरींची रांग लागलेली असते, उसाला पाणी पाहिजे असतं आणि शेतकरी दारात उभा असतो, त्या दिवसात सकाळी ९ ला जाऊन म्हणा आजचा दिवस काय पण काम सांगा. त्या टायमाला कोण नाही म्हणत नाही. पावसाळ्यात गेलात तर दुकानदारालाच काम नसतंय.

शिकायला किती दिवस? पहिले दोन-तीन महिने नुसतं उघडायचं आणि काढायचं. मोटर खोलायची, बेअरिंग बघायचं, जळलेलं वाइंडिंग एका बाजूनं छिन्नीनं तोडायचं, गरम करून दुसरीकडनं ओढायचं. जास्त गरम केलं तर आतल्या पत्र्यांचं इन्सुलेशन जातं आणि मग किती चांगलं वाइंडिंग भरा, मोटर तापतच राहते, हे पहिल्या महिन्यात डोक्यात पक्कं बसवायचं. मग स्लॉट पेपर कापणं, कॉइल पाडणं, त्यानंतर भरणं. साधी थ्री फेज ५ एचपी स्वतः भरून मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) पास करायला सहा-आठ महिने धरा. सबमर्सिबलची तार वेगळी, वर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं आणि मोटर पाण्यातच चालते, तिचं भरणं नखानं जरी ओरबाडलं तरी वाया, ते दुसऱ्या वर्षी.

आता मी तुमचं वाचून का थांबलो ते सांगतो. तुम्ही अकौंटंट. आमच्या धंद्यातली खरी इस्टेट म्हणजे वही. जुनं वाइंडिंग काढायच्या आधी किती स्लॉट, एका कॉइलला किती टर्न, तार किती गेजची, पिच (कॉइल किती स्लॉट ओलांडते) काय, कनेक्शन स्टार का डेल्टा (फेज जोडायच्या दोन पद्धती), सगळं लिहून घ्यायचं असतंय, एक टर्न कमी धरला तरी सगळ्या कॉइलींना तीच चूक होते. माझ्याकडची पोरं हाताला चांगली आहेत पण वही लिहायचा कंटाळा, तीन मोटरी समोरासमोर ठेवल्या की कुणाचं काय ते विसरतात. आणि जळालेलं बघून कारण पण लिहायचं, स्टार कनेक्शनच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एक फेज कोरी राहिली म्हणजे एक फेज गेल्यावर मोटर चालू राहिली, मग नुसती भरून देऊन उपयोग नाही, शेतकऱ्याला स्टार्टर आणि प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) बघायला सांगावं लागतं नायतर महिन्यात परत येतो आणि नाव आपलं जातं. असली नोंद ठेवणारा माणूस मला दहा वर्षांत मिळाला नाही.

पैशाचं खरं सांगतो. पहिले तीन महिने मी जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण देतो, पगार नाही. मेसेज केलाय, बघा.

---

हातकणंगल्याची_सून

मी लिहितेय कारण हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय. आमचे हे ४१ व्या वर्षी औषध कंपनीची नोकरी सोडून फॅब्रिकेशनला लागले, आता गोकुळ शिरगावात वेल्डिंग करतात. चार वर्षं झाली, चांगलं चाललंय, पण पहिलं वर्ष कसं गेलं ते घरातलीला विचारा.

वाइंडरदादा, तुमचं बाकी सगळं पटलं पण तीन महिने बिनपगारी मला पटत नाही. पोराटोराला त्याचा बाप जेवायला घालतो, इथं हाच बाप आहे. पहिला महिना ठीक, दुसऱ्यापासनं थोडे का असेनात पण हातात द्या, आणि किती देणार ते पहिल्या दिवशी बोला. आमच्याकडं बोलणं झालं नव्हतं, एका दुकानात सात महिने "बघू पुढच्या महिन्यात" ऐकलं.

भाऊ, तुम्हाला दोन गोष्टी. १८ वर्षं झालीत तर ग्रॅच्युइटी मिळाली का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षं झाली की हक्क लागतो, शेवटच्या बेसिक आणि डीएवर दर वर्षाला १५ दिवसांचे, महिना २६ दिवसांचा धरून. हिशेब तुम्हीच करा, तुमचाच विषय आहे. आणि पीएफ कापत असतील तर दहा वर्षांच्या वर नोकरी झालीय म्हणजे ५८ ला पेन्शन बसते, ती सर्व्हिस विसरू नका, स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सर्व्हिसचा पीएफ ऑफिसचा दाखला) काढून ठेवा. पीएफचे पैसे काढून लगेच मशीन, गाळा असलं काही करू नका, आम्ही ग्राइंडर आणि वेल्डिंग सेट आधी घेतला आणि तो दीड वर्ष जिन्याखाली पडून होता.

दुसरं शरीराचं. पहिले दोन महिने यांच्या हाताला भात कालवता येत नव्हता एवढे फोड. डोळे रात्री पाण्यानं भरायचे. तुमच्या कामात बारीक तार बघायचीय, चाळिशीचा चष्मा आधी करून घ्या. आणि वहिनींना आकडा सांगताना कमीच सांगा, वर्षभर घर त्यांच्या शिलाईवर चालणार आहे हे धरून दोघांनी बसून लिहा. मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी भांडले नसते.

---

सोलर_पंपवाला

थोडक्यात लिहितो. लोक म्हणतील सोलर आलं आता वाइंडिंग संपलं. मी सोलर पंप बसवतो, मागेल त्याला सौर कृषी पंपचे पण, तरी सांगतो की आपल्याकडं नदीकाठाला लाईटवरच्या मोटरी भरपूर आहेत आणि ७.५ एचपीपर्यंतच्या कृषी पंपांना २०२४ पासनं वीज बिल माफ आहे, मग शेतकरी त्या काढेल कशाला. सोलरची मोटर पण शेवटी कॉइलचीच, फक्त पुढं कंट्रोलर असतो. वर्षभरानं हात बसला की कंट्रोलर कसा तपासायचा ते शिकून घ्या, बिघाड मोटरीत आहे का कंट्रोलरमधे हे सांगणारा माणूस आम्हाला लागतो.

---

उद्यमनगर_वाइंडर

ताई बरोबर बोलला. मी शिकलो तेव्हा मला दोन वर्षं काय मिळालं नव्हतं म्हणून तीच सवय लागली, पण तेव्हा माझं वय १७ आणि घर वडील चालवायचे. महिनाभर खर्च आणि जेवण, दुसऱ्या महिन्यापासनं पाच हजार, मोटर स्वतः भरायला लागला की नगावर. हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

---

करवीरकर

सगळ्यांना नमस्कार, आठ दिवसांनी लिहितोय. त्या दिवशी रात्री मिसेससोबत बसून वहीत लिहिलं, घरखर्च, फी, आईची औषधं. ताईंनी सांगितलं तसं ग्रॅच्युइटीचा अर्ज दिला, आधी दिलाच नव्हता, मला वाटत होतं शाखा बंद झाल्यावर मिळत नाही. चष्मा पण केला. मिसेसचं विश्वकर्माचं बघायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. निदेशक सर, तुमच्यामुळं कळलं, आमच्या ध्यानातच नव्हतं.

सोमवारपासनं उद्यमनगरात वाइंडरदादांकडं जातोय. मिस्त्रींना पहिल्याच दिवशी सांगितलं अरे-तुरे करा, त्यांना दोन दिवस जमलं नाही, काल मी स्लॉट पेपर आडवा कापला तेव्हा "अरे बाबा हे काय केलंस" असं तोंडातनं गेलं आणि मला बरं वाटलं.

आज एक जळलेली मोटर माझ्याकडं दिली, फक्त मोजायला. २४ स्लॉट. कॉइल एका बाजूनं तोडली आणि कापलेली टोकं मोजायला बसलो, काळी पडलेली, एकमेकाला चिकटलेली, सुईनं एक एक वेगळी करत. पहिल्यांदा ४१ आले, दुसऱ्यांदा ४३. दोन तास गेले असतील. पतसंस्थेत दहा रुपये कमी आले तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसायचो, तसाच बसलो. मिस्त्री म्हणाले शेजारची कॉइल पण मोज, त्याच मापाची आहे. ती ४२ आली, पहिली परत मोजली, ती पण ४२. मग तारेच्या टोकावरचं इनॅमल जाळून पुसलं, मायक्रोमीटर लावून गेज काढला आणि वहीत लिहिलं. मिस्त्रींनी वही बघितली, काही बोलले नाहीत, दुसरी मोटर माझ्या पुढ्यात सरकवली. उद्या ९ ला जायचंय.