गिझरमुळे बिल फुगतंय, गॅस गिझर घ्यावा का?

सिंहगड रोडला राहतो, घरात चौघं. 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गिझर सकाळी दोन तास चालूच असतो. काय करावं?

↳ आधी हिशेब बघा. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.7 युनिट, म्हणजे वीसेक मिनिटं. त्यात गार पाणी मिसळलं की 40 अंशांचं 30 लिटर होतं, दोन बादल्या. खरा खर्च शॉवरचा. आंघोळी लागोपाठ उरका. महावितरणचा 100 युनिटांपुढचा टप्पा महाग, पण चढा दर फक्त वरच्या युनिटांनाच.

↳ गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच! कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

↳ बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतात, पाणी उशिरा तापतं. वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्या, ॲनोड रॉडही (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी) तपासा.