रात्रीच्या एसटीत कुठवर आलो ते तुम्हाला कशावरून कळायचं?

रानपाखरू
कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. त्याआधी ज्यांनी मुंबईहून रातराणीने गाव गाठलंय, त्यांना विचारते आहे. बाहेर मिट्ट काळोख, गावांच्या पाट्या दिसायच्या नाहीत, गाडीतले दिवे मालवलेले. मग कुठवर आलो हे कशावरून ओळखायचात? आता कशेडीला बोगदा झालाय. माझ्या भाच्याला घाट आला कधी नि गेला कधी याचा पत्ता लागत नाही, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटतंय.

आमचं गाव लांज्याच्या अलीकडे. बाबा गिरणीत, बिऱ्हाड परळला. मे महिन्यात रात्रीची राजापूर गाडी. आई मला मांडीवर आडवी करायची आणि मी डोळे मिटून रस्ता ऐकत पडायचे. वाशीच्या खाडीपुलावर वारा बदलायचा. पनवेल मागे पडलं की कर्नाळ्याची वळणं, डोकं मांडीवरून घसरायला लागायचं. वडखळच्या आसपास मिठागरांचा, ओल्या चिखलाचा वास. मग बराच वेळ काहीच नाही, इंजिनाची घरघर आणि मागच्या बाकावरच्या कुणाचं तरी घोरणं.

पोलादपूर सुटलं की मात्र झोप उडायचीच. ड्रायव्हर एकेक गिअर उतरवत न्यायचा, इंजिन कण्हायला लागायचं, वळणावर क्षणभर गाडी थबकते की काय असं वाटायचं, की पुन्हा जोर. अख्खी गाडी कशेडीला जागी व्हायची, कारण उलट्या सुरू व्हायच्या त्या इथेच. आईच्या रुमालाच्या गाठीत आलेपाकाच्या वड्या आणि एक लिंबू असे. ती लिंबाच्या सालीवर अंगठ्याच्या नखाने चरा पाडायची आणि माझ्या नाकाशी धरायची. वास कमी झाला की बाजूला दुसरा चरा. घाट उतरेपर्यंत लिंबू सगळीकडून ओरबाडलेलं आणि आईचा अंगठा हिरवट पिवळा. मला अजून कुठेही लिंबू चिरताना भरणा नाका आठवतो.

पुढे परशुरामचा घाट उतरताना फटफटायचं. हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीवाले उतरून जायचे आणि पाय पसरायला जागा व्हायची. अंजणारीचा पूल आला की बाबा वाकून सगळ्यांच्या चपला शोधायला लागायचे.

तुमच्या खुणा सांगा. कुठल्याही गावच्या चालतील.

सह्यकडा
आमच्या घरात महाड कुणाला झोपेत चुकलं नाही. आजोबा चुकवू द्यायचे नाहीत. रात्रीचे कितीही वाजलेले असोत, महाड स्टँड आला की आम्हा भावंडांना हलवून उठवायचे. गाडी थांबे तेवढ्यात स्वतः खाली उतरून नळावर तांब्या भरून आणायचे आणि प्रत्येकाला एकेक घोट द्यायचे. "२० मार्च १९२७. बाबासाहेब इथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. लक्षात ठेवा." इतकंच बोलायचे आणि पुन्हा मफलर गुंडाळून बसायचे. त्यांच्या लहानपणी आमच्या गावात आमच्या माणसांनी विहिरीच्या काठावर पाय ठेवायचा नाही असा दंडक होता, हे मला खूप नंतर वडिलांकडून कळलं. तहान नसायची, डोळे उघडत नसायचे, पण ते पाणी आम्ही कधी नाकारलं नाही. माझ्या मुलींना मी महाडला उतरवतो. दिवसा जातो, त्यामुळे तळ्यापर्यंत नेतो.

डबलबेल
माझे वडील याच रस्त्यावर वाहक होते, म्हणून त्यांच्या बाजूने सांगतो. प्रवाशाला कुठवर आलो हे नाही कळलं तरी चालतं, कंडक्टरला कळावंच लागतं. भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. मधेच हात दाखवून चढलेल्याचं तिकीट कुठून कुठवर फाडायचं, आणि मिणमिणत्या दिव्यात वेबिलात काय भरायचं, हे त्यावरच ठरतं. पत्र्याच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या. लांबचा प्रवासी असला की एका तिकिटात भागत नसे, तीन-चार जोडून पंच मारून द्यावी लागत.

त्यांची खूण म्हणजे नद्या. महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो, तो ते उभ्या उभ्या डुलकी घेतानाही ओळखायचे. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा बॉनेटशेजारी बसून मलाही तो आवाज ओळखायला शिकवला होता.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा तो ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या त्यात गेल्या, चालक-वाहकांसकट. वडील तेव्हा निवृत्त झालेले. ते टीव्हीसमोरून उठले नाहीत. घरात कुणाला जेवण गेलं नाही. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, पण त्यावरून जाताना ते अजून हात जोडतात.

घाटमाथा
आमचा प्रवास दिवसाचा, दादर–पुणे एशियाडचा, एक्सप्रेसवे व्हायच्या आधीचा. खोपोली सुटली की पोटात गोळा आणि अमृतांजन पूल दिसला की जीव भांड्यात, आता खंडाळा. २०२० साली तो पाडला. बरं नाही वाटलं.

रानपाखरू
सह्यकडा, आजोबांबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं. डबलबेल, वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या गाडीत ते असतीलही.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "संपाच्या वर्षाचं लिहिलंस का?" ते राहिलंच होतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मे महिन्याची वाट न बघता बाबांनी आम्हाला गावी पोचवलं. शाळा चालू असताना. त्या रात्री गाडीत बहुतेक गिरणीवालेच होते आणि कुणी झोपलं नाही. डॉक्टर सामंत काय म्हणाले, कुठली गिरणी आधी उघडेल, गावी भात किती दिवस पुरेल, हेच रात्रभर. घाट कधी गेला मला कळलं नाही. मी दोन वर्षं गावच्या शाळेत शिकले, मुंबईची म्हणून मुलं चिडवायची, मग तिथलीच होऊन गेले.

त्या वर्षी मुंबईच्या शाळेतून काढून लांजा, राजापूर, देवगडकडे घातलेली मुलं इथे आणखी कुणी आहेत का? असाल तर वेगळा धागा काढते.