विचार, आठवणी आणि स्वप्ने पडद्यावर दाखवणारे काल्पनिक यंत्र : मराठीत कोणता शब्द वापरावा?

प्रश्न

विज्ञानकथांमध्ये आणि चित्रपटांमध्ये एक यंत्र वारंवार भेटते. ते माणसाच्या डोक्याला जोडले की त्याच्या मनात चाललेले विचार, जुन्या आठवणी किंवा झोपेत पडणारी स्वप्ने समोरच्या पडद्यावर चित्ररूपाने दिसू लागतात. मी सध्या अशा एका कथेचा अनुवाद करीत आहे. कथेत पोलीस तपासासाठी हे यंत्र वापरले जाते. ‘मनोदर्शक’, ‘विचारदर्शक’, ‘स्वप्नदर्शक’, ‘मनकवडे यंत्र’ आणि ‘चित्तपट’ असे पर्याय मी काढून ठेवले आहेत. यांपैकी अर्थाला धरून कोणता आहे, आणि विचार, आठवण व स्वप्न या तिन्हींसाठी मिळून एकच शब्द चालेल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर

आपल्या यादीतील शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असे मला वाटत नाही. त्यांतले काही यंत्राची नावे होऊ शकतात, एक यंत्रातून निघणाऱ्या चित्राचे नाव आहे आणि दोन तर मराठीत वेगळ्याच अर्थाकडे ओढले जातात. म्हणून त्यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागेल.

आधी ‘स्वप्नदर्शक’ घेऊ. झोपेतले स्वप्न मराठीत ‘पडते’. हिंदीत माणूस सपना ‘देखता’ है, म्हणजे तिथे तो पाहणारा आहे; मराठीत मात्र ‘मला स्वप्न पडले’ असे आपण म्हणतो आणि पाहण्याचे क्रियापद फार तर ‘स्वप्नात आजी दिसली’ अशा वाक्यात येते. ‘स्वप्न पाहणे’ हा प्रयोग मराठीने जागेपणीच्या आकांक्षेसाठी राखून ठेवला आहे. ‘मुलीला डॉक्टर करण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले’ या वाक्यात झोपेचा संबंध नाही. आणि ‘स्वप्ने दाखवणे’ म्हणजे तर सरळ आमिष दाखवणे. बांधकाम सुरू होण्यापूर्वी घराची स्वप्ने दाखवून पैसे गोळा करणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. ‘स्वप्नदर्शक’ या शब्दाला ही छटा चिकटलेली राहणार, आणि कथेतील पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडी तो आला की वाचक क्षणभर अडखळणार. तो सोडून द्यावा.

‘विचारदर्शक’मधली अडचण वेगळी आहे. ‘विचार येणे’ आणि ‘विचार करणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात विचार आपल्याकडे येतो, दुसऱ्यात आपण कर्ते असतो आणि तो व्यापार बहुधा शब्दांतून, तर्कातून चालतो. ‘उद्या भाडे भरले नाही तर घरमालक काय म्हणेल’ हा विचार आहे, पण त्याचे चित्र कोणते काढणार? कथांमधली ही यंत्रे मात्र जवळजवळ नेहमी दृश्येच दाखवतात : चेहरे, खोल्या, रस्ते. जे पडद्यावर दिसते त्याला ‘विचार’ म्हटले की शब्द वस्तूपेक्षा मोठा होतो.

‘मनकवडा’ हा शब्द मला अतिशय प्रिय आहे आणि तो अस्सल मराठी आहे. न सांगता दुसऱ्याच्या मनातले ओळखणारा तो मनकवडा. मात्र मनकवडा माणूस ओळखतो आणि त्याप्रमाणे वागतो. ओळखलेले तो चारचौघांत मांडत नाही. घरी आल्याबरोबर काही न विचारता चहाचे आधण ठेवणारी बहीण मनकवडी असते. आपल्या यंत्राचे मुख्य लक्षण नेमके याच्या उलट आहे : ज्याचे मन आहे तो आणि जो ओळखू पाहतो तो, या दोघांखेरीज तिसऱ्या माणसालाही ते दिसते. तपासाच्या खोलीत पडद्यासमोर चार अधिकारी बसले असतील, तर त्या यंत्राला मनकवडे म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय होईल. लहान मुलांच्या गोष्टीत ‘मनकवडे यंत्र’ शोभेल. आपल्या कथेत नाही.

या भेदाची जाण आपल्या परंपरेत जुनी आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादात ‘परचित्तज्ञान’ ही सिद्धी सांगितली आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात तिला मर्यादा घातली आहे : हे ज्ञान ‘सालंबन’ नसते. दुसऱ्याचे चित्त आसक्त आहे एवढे योग्याला कळते, पण ते कोणत्या वस्तूवर आसक्त आहे ते आलंबन त्याला दिसत नाही, असे भाष्यकार स्पष्ट करतात. कथांमधले यंत्र याच मर्यादेपलीकडे जाते. ते आलंबनच दाखवते. ‘परचित्तज्ञान’ हा शब्द भारदस्त वाटला तरी यासाठी तो वापरता येणार नाही, कारण ज्यांनी तो घडवला त्यांनीच त्यातून चित्र वगळले आहे.

आता ‘मनोदर्शक’. सूक्ष्मदर्शक, शोभादर्शक, दिशादर्शक या शब्दांमुळे ‘दर्शक’ म्हणजे दाखवणारे साधन हा अर्थ मराठीत पक्का रुजलेला आहे. अलीकडे हिंदीच्या प्रभावाने ‘प्रेक्षक’ या अर्थानेही ‘दर्शक’ लिहिले जाते, विशेषतः वाहिन्यांवर. मला ते मान्य नाही, आणि ‘मनोदर्शक’ या समासात तो गोंधळ होण्याची शक्यताही कमी आहे. या शब्दाची खरी परीक्षा दुसरीकडे आहे. सूक्ष्मदर्शक जे दाखवतो ते त्याच्याशिवायही अस्तित्वात असते; पाण्याच्या थेंबातला जीव काचेखाली येण्याआधीही तिथे असतो. म्हणजे ‘दर्शक’ म्हणताना आपण गृहीत धरतो की चित्र आत तयार आहे आणि यंत्र फक्त ते बाहेर आणते. कल्पित कथांचे गृहीतक तंतोतंत हेच असते. मन ही एक अंधारी खोली, तिच्यात चित्रे टांगलेली, आणि यंत्र म्हणजे तिथे नेलेला दिवा. म्हणून काल्पनिक यंत्रासाठी ‘मनोदर्शक’ हा शब्द मला चपखल वाटतो.

‘चित्तपट’ हे यंत्राचे नाव होऊ शकत नाही. चित्रपट, बोलपट, जीवनपट यांत ‘पट’ म्हणजे उलगडत जाणारी, पाहिली जाणारी गोष्ट; ती दाखवणारे यंत्र निराळे. पण यंत्रातून जे निघते त्याला ‘पट’ फार चांगले बसते. मनाच्या ठिकाणी पडद्याची कल्पना मराठीत आधीपासून आहे : आठवण ‘स्मृतिपटलावर’ कोरली जाते, प्रसंग ‘मनश्चक्षूंपुढे’ उभा राहतो, आयुष्याचा पट डोळ्यांसमोरून सरकतो. त्यामुळे यंत्र ‘मनोदर्शक’, क्रिया ‘मनोदर्शन’ आणि पडद्यावर दिसते ते ‘स्मृतिपट’ किंवा ‘स्वप्नपट’, अशी विभागणी मी सुचवीन. ‘चित्तपट’ मात्र उच्चारताना ‘चित्रपट’शी इतका घसटतो की ऐकणाऱ्याला तो सुधारून घ्यावासा वाटेल.

तिन्हींसाठी एकच शब्द चालेल का, याचे उत्तर कथेतले यंत्र नक्की काय करते यावर अवलंबून आहे, आणि तिथे कथाकारांनी केलेले भेद बारीक आहेत. बीबीसीच्या १९५८-५९ मधील ‘क्वाटरमास अँड द पिट’ या मालिकेत मेंदूतील दृश्यांचे ठसे टिपून पडद्यावर दाखवणारे यंत्र आहे आणि त्याचे नाव आहे ‘ऑप्टिक एन्सेफॅलोग्राम’. मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख काढण्याचे तंत्र हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि त्याचेच नाव इथे थोडे बदलून घेतलेले दिसते. लेखकाने खऱ्या वैद्यकीय आलेखाच्या नावावर काल्पनिक यंत्र उभे केले. अनुवादातही मग ‘दर्शक’ऐवजी ‘लेख’ ठेवून ‘दृष्टिमेंदूलेख’सारखा थोडा रुक्ष, रुग्णालयातला वाटणारा शब्द घडवावा लागेल, कारण तो रुक्षपणाच मूळ शब्दाचा हेतू आहे.

विम वेंडर्स यांच्या १९९१ च्या ‘अन्टिल द एंड ऑफ द वर्ल्ड’ या चित्रपटात एकच तंत्र दोन कामे करते. आधी ते एका अंध स्त्रीला दृश्ये पोहोचवण्यासाठी बनवलेले असते. तिथे पडद्याला महत्त्व नाही, चित्र थेट मेंदूत जाते. नंतर तेच उलटे फिरवून माणसाची स्वप्ने बाहेर काढली जातात आणि पात्रे हातातल्या छोट्या पडद्यावर आपलीच स्वप्ने पाहण्याच्या आहारी जातात. पहिल्या कामाला ‘मनोदर्शन’ म्हणता येणार नाही. तिथे दर्शन मनाचे होत नाही, मनाला होते. दुसऱ्यासाठी ‘स्वप्नपट पाहणे’ हा प्रयोग मात्र अगदी योग्य आहे, कारण ही माणसे खरोखरच पडलेली स्वप्ने पुन्हा ‘पाहत’ असतात.

सर्वांत सूक्ष्म उदाहरण ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतील २०११ च्या ‘द एन्टायर हिस्टरी ऑफ यू’ या भागाचे आहे. त्यात कानामागे बसवलेला एक लहान कण माणसाने पाहिलेले आणि ऐकलेले सर्व साठवतो आणि हवे तेव्हा पडद्यावर पुन्हा दाखवतो. पुष्कळ जण याला ‘आठवणी दाखवणारे यंत्र’ म्हणतात. मला ते पटत नाही. आठवण ही काळाबरोबर बदलते, पुसट होते, कधी सोयीची होते. तो कण जे साठवतो ते बदलत नाही. त्या कथेतला संशयी नवरा एकेक प्रसंग मागे नेऊन पुन्हा पुन्हा तपासतो, तेव्हा तो आठवत नसतो, पुरावा चाळत असतो. मराठीत त्यासाठी ‘नोंद’ किंवा ‘मुद्रण’ हा शब्द हवा : ‘ध्वनिमुद्रण’ जसे, तसे ‘अनुभवमुद्रण’. आपल्या कथेतील पोलीस जे पाहतात ते संशयिताला आज आठवते आहे की त्या रात्री त्याच्या डोळ्यांनी जे टिपले तेच आहे, हे आपण मूळ मजकुरात नीट पाहावे. पहिले असेल तर ‘स्मृतिपट’, दुसरे असेल तर ‘अनुभवमुद्रण’. हा शब्द चुकला तर कथेतील न्यायाचा सगळा प्रश्नच बदलेल.

आणखी एक शंका

सविस्तर उत्तराबद्दल आभार. ‘विचार वाचणारे यंत्र तयार’ अशा बातम्या आता खऱ्या प्रयोगांविषयीही येतात, आणि आपल्याकडे गुन्ह्यांच्या तपासात ‘ब्रेन मॅपिंग’ झाल्याचेही आपण वाचतो. तिथेही ‘मनोदर्शक’ हाच शब्द चालवावा का?

उत्तर

माझ्या मते चालवू नये, आणि याचे कारण त्या प्रयोगांच्या पद्धतीतच आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी चित्रफिती पाहणाऱ्या माणसांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाच्या नोंदी घेतल्या आणि त्यांवरून ती माणसे काय पाहत होती याचे धूसर चित्र तयार केले. ते चित्र मेंदूतून निघालेले नव्हते. संगणकाजवळ यूट्यूबवरील सुमारे १ कोटी ८० लाख सेकंदांच्या इतर चित्रफितींचा साठा होता. मेंदूच्या नोंदीशी सर्वांत जुळणारे १०० तुकडे त्यातून निवडून त्यांची सरासरी काढलेली होती. क्योतोमध्ये युकियासु कामितानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्वप्नांवर काम प्रसिद्ध केले. त्यात ३ माणसांना झोप लागताच पुन्हा पुन्हा उठवून ‘काय दिसत होते?’ असे विचारले गेले आणि त्यांच्या उत्तरांतून संगणकाला वस्तूंचे प्रकार शिकवले गेले. स्वप्न पडलेल्या माणसाने सांगितल्याशिवाय त्या यंत्राचा पायाच घातला गेला नसता.

हे वाचताना मला भागवताच्या दशम स्कंधातील उषेची कथा आठवते. बाणासुराच्या या मुलीला स्वप्नात एक अनोळखी पुरुष दिसतो. तिची सखी चित्रलेखा तिच्या मनात शिरत नाही. ती देव, गंधर्व, मग माणसे आणि त्यांतले यादव अशी एकामागून एक चित्रे काढत जाते. प्रद्युम्नाच्या चित्रापाशी उषा लाजते आणि अनिरुद्धाचे चित्र येताच मान खाली घालून ‘हाच तो’ म्हणते. बाहेरची चित्रे, आतली ओळख आणि त्यांची जुळणी, हीच बर्कली आणि क्योतोची रीत आहे. म्हणून अशा खऱ्या तंत्राला ‘मेंदूच्या नोंदींवरून चित्ररचना’ असे सरळ म्हणावे. छोटा शब्द हवाच असेल तर ‘मेंदूचित्रलेखन’ म्हणावे. ‘मेंदू’ संस्कृत नसल्याने समास खटकेल असे कोणी म्हणेल, पण ‘मेंदूज्वर’ आपण निःशंकपणे वापरतो.

तपासातील ‘ब्रेन मॅपिंग’ तर याहूनही दूरची गोष्ट आहे. त्यात संशयिताला काही शब्द ऐकवून किंवा चित्रे दाखवून मेंदूच्या विद्युतलहरींतील प्रतिसाद मोजतात. पडद्यावर त्याची आठवण उमटत नाही, फक्त वक्ररेषा उमटतात. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीवाचून करता येणार नाहीत असा निर्णय दिला आणि त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) मधील, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या हक्काचा आधार घेतला. त्या चाचणीला ‘मनोदर्शन’ म्हटले, तर तिने मन उघडून दाखवले असा वाचकाचा समज होईल. एका जिवंत माणसाच्या सुटकेचा किंवा शिक्षेचा प्रश्न असताना असा समज पसरवणे गैर आहे. तिथे ‘मेंदूलहरी चाचणी’ पुरे.

आपल्या अनुवादाविषयी एक राहिले. निवेदनात ‘मनोदर्शक’ ठेवावा आणि त्याची रूपे नेहमीसारखी चालवावीत : ‘मनोदर्शकाला जोडले’, ‘मनोदर्शकाच्या पडद्यावर’, अनेकवचनी ‘मनोदर्शकांचा वापर’. यंत्र नपुंसकलिंगी असले तरी हा शब्द सूक्ष्मदर्शकाप्रमाणे पुल्लिंगी ठेवावा; ‘मनोदर्शक बंद पडला’ हे कानाला बरोबर लागते. संवादांत मात्र सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द घालू नये. अहवाल लिहिणारा डॉक्टर ‘मनोदर्शन’ म्हणेल, वकील त्याला ‘तथाकथित स्मृतिपट’ म्हणून हरकत घेईल, आणि दाराशी उभा असलेला हवालदार ‘ते डोक्याचं मशीन लावलं का?’ असेच विचारेल.