सिरीज ३ लँड रोव्हर जोडायचीय, काय नवीन घ्यावं आणि काय भंगारातलं चालेल?

लो_रेंज

मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे एक सिरीज ३ आहे, ८८ इंची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). आहे म्हणजे काय, चासी, बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत), पुढचे मागचे अ‍ॅक्सल आणि खोक्यांमध्ये भरलेला बाकीचा संसार. चासी मागच्या क्रॉसमेंबरला (आडवा दांडा) आणि औटरिगरना (बाजूला निघणारे आधार) इतकी सडलीय की स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. बल्कहेडचे पाय ठेवायचे कोपरे गेलेत, वरचे कोपरे बरे दिसतायत. मूळ २.२५ लिटर पेट्रोल इंजिन जाम आहे. शिवाय पार्टसाठी म्हणून एक २०० टीडीआयवाली (टर्बो डिझेल इंजिनची) लँड रोव्हर डिस्कवरी घेऊन ठेवलीय, बॉडी पार गेलेली पण इंजिन चालू आहे.

प्लॅन असा की गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) नवी चासी याच आठवड्यात ऑर्डर करायची आणि तिच्यावर बाकी जितकं जुनं लावता येईल तितकं लावायचं. शोरूम पीस नकोय, चिखलात घालायचीय. तर कशावर पैसे खर्च करू आणि कुठे वाचवू? डिस्कवरीतलं काय काय उपयोगी येईल? वेल्डिंग बऱ्यापैकी येतं, गिअरबॉक्स कधी उघडलेला नाही.

दहा_अकराचा_पाना

ऑर्डर देऊ नका अजून!! आधी इंजिन ठरवा. टीडीआय बसवणार असाल तर इंजिन माउंट पेट्रोलच्या जागी जसेच्या तसे येतीलच असं नाही, डिस्कवरीच्या २०० टीडीआयचा टर्बो खाली बसवलेला असतो आणि तो सिरीजच्या चासीला, माउंटला जाऊन अडतो. म्हणजे एक तर माउंट सरकवा नाहीतर मॅनिफोल्ड (टर्बो ज्यावर बसतो तो धुराचा पाइप) बदला. आता हे तुम्हाला चासी गॅल्व्हनाइज होऊन घरी आल्यावर कळलं तर काय करणार, तो जस्ताचा थर ग्राइंडरने घासून वेल्डिंग मारणार, म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मोजले तेच जाळणार, आणि वर तो जस्ताचा धूर. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, थट्टा नाही. सगळे ब्रॅकेट, माउंट, टो हुकची जागा, जे काही वेल्ड करायचं ते झिंकमध्ये बुडवण्याआधी व्हायला हवं. बनवणाऱ्याला आधीच सांगितलं तर बरेच जण टीडीआयचे माउंट लावून देतात.

चिखल्या

+१ पान्याला.

माझं मत थोडं वेगळं आहे, जुनी चासी फेकायची घाई कशाला? वेल्डिंग येतंय ना तुम्हाला? क्रॉसमेंबर आणि औटरिगर सुटे मिळतात, कापून नवे लावा. मुख्य रेल (चासीचे लांब दांडे) ठोकून बघा, हातोडीचा आवाज ठण्ण आला तर पत्रा जिवंत आहे, भदभद आला तर गेला.

दहा_अकराचा_पाना

चिखल्या, रेल आतून सडते रे. बॉक्स सेक्शन आहे, बाहेरून ठण्ण वाजते आणि आत पापुद्रे. कमानपाट्यांच्या हँगरपाशी आणि टाकीच्या वरच्या बाजूला चिखल साचतो तिथे हमखास. दोन ठिकाणी ठिगळ लावलं की तिसरं दिसतं. आणि दुरुस्त केलेली जुनी चासी गॅल्व्हनाइज करायची म्हटली तर आतला रंग, सीलर, तेल सगळं काढावं लागतं, नाहीतर जस्त धरत नाही. शिवाय बंद पोकळ्यांना भोकं पाडलेली लागतात, सुमारे ४५० अंशांच्या जस्तात ओलावा अडकलेली बंद पोकळी गेली तर फुटते. धागाकर्त्याने जे वर्णन केलंय त्यावरून नवी चासीच बरी. फक्त घाई नको.

जुनंतेसोनं

नमस्कार. मी बरीच वर्षं या गाड्यांच्या मागे आहे, थोडं लांबण लावतो, माफी.

नवीन की भंगार हा प्रश्न मुळात एक नाही. ओतीव लोखंड आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे अ‍ॅक्सलचं केसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर बॉक्सची (जो ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटतो) हाउजिंग, डिफचा (जो ती डाव्या-उजव्या चाकाला वाटतो) गोळा, स्टिअरिंग रिले, हे जुनंच घ्या. भंगारातलं असलं तरी ते कंपनीच्या मूळ मापाचं आहे. आत नवे बेअरिंग, नवे सील घाला, पुढची वीस वर्षं बघायला नको. उलट आज बाजारात जे स्वस्त नवीन पार्ट मिळतात त्यातले काही इतके रद्दी असतात की खोक्यातून काढल्या काढल्या कळतं, बुश ढिला, आटे वाकडे. जुना मूळ पार्ट फेकून हे लावणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून माझा नियम, नवा पार्ट लागून, गाडी फिरून झाल्याशिवाय जुना भंगारात जात नाही.

पण जे जिवावर बेततं ते नवीनच, आणि चांगल्यातलं. ब्रेकचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज, पाइप, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, यू बोल्ट. यू बोल्ट एकदा कसून ताणले गेले की ते परत लावायचे नाहीत, कितीही चकचकीत दिसू देत. ब्रेक पाइप तांबं-निकेलचे करून घ्या, गंजत नाहीत आणि हाताने वळवता येतात. युनियन कसण्याआधी आटे नीट बघा, सिरीजमध्ये बहुतेक सगळं इंची मापाचं आणि डिस्कवरीतून येणारं बरंचसं मिलिमीटरचं. दोन आटे चढतात, तिसऱ्याला जाम होतं, आणि लोक पान्याला पाइप लावून जोर काढतात. तुटतंच मग.

पुढच्या अ‍ॅक्सलचे स्विव्हल बॉल (चाकं वळतात ते गोळे) नक्की बघा. क्रोमला खड्डे पडले असतील तर कितीही सील बदला, तेल गळत राहणारच, तिथे नवा बॉल घ्या. बाहेरचं हाउजिंग जुनं ठेवलं तरी चालतं.

कमानपाटे पॅराबोलिक (कमी पात्यांचे) घेतलेत तर चारही घ्या, पुढे जुने मागे नवे असली खिचडी नको. आणि ही गोष्ट फार लोक चुकवतात, शॅकलचे (पाटे चासीला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट गाडी हवेत असताना फायनल कसू नका. चाकं जमिनीवर, इंजिन आत, वजन बसलं की मगच. नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी दगडासारखी चालते आणि लोक पाट्यांना शिव्या घालतात.

लो_रेंज

बाप रे, खूप खूप आभार. ऑर्डर थांबवली. टीडीआयच करायचं म्हणतोय, कारण पेट्रोल इंजिन उघडून बोअरिंग, क्रँक सगळं करायचं तर तेही नव्यासारखंच पडतंय. सिरीजचा गिअरबॉक्स टीडीआयला झेपेल का? आणि डिस्कवरीचे डिफ मला लावता येतील असं ऐकलंय, खरं का?

गिअरगुंड

डिफचं खरं आहे पण पूर्ण ऐका. सिरीजचा डिफ ४.७ चा (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.७ फेऱ्या), डिस्कवरीचा ३.५४ चा, गोळा ८८ च्या अ‍ॅक्सलमध्ये सरळ बसतो. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) मोजा फक्त, सुरुवातीच्या डिस्कवरीत हाफशाफ्टला (डिफ ते चाक जाणारा दांडा) १० स्प्लाइन आहेत, नंतरच्यात २४. १० वाले तुमच्या शाफ्टवर जातात. पुढचा मागचा दोन्ही बदलायचे, एकच बदलून फोर व्हील टाकलीत तर ट्रान्समिशन स्वतःशीच भांडत बसेल आणि काहीतरी मोडेल.

फायदा असा की त्याच स्पीडला इंजिन साधारण पाव भाग कमी फिरतं. टीडीआय जास्त फिरायला बनलेलं नाही, त्यामुळे रस्त्यावर गाडी एकदम शांत होते. तोटा लोक सांगत नाहीत. लो रेंजही (चिखल-चढासाठीचे हळू गिअर) तितकीच लांब, म्हणजे वेगवान होते. तीव्र उतारावर पहिल्या लोमध्ये पाय सोडून जी गाडी रांगत उतरायची ती आता पळते आणि ब्रेक दाबावा लागतो, ओल्या मातीत ते नको असतं. तुम्हाला चिखलात घालायचीय म्हणताय म्हणून सांगतो, डिफ ४.७ चेच ठेवा आणि ट्रान्सफर बॉक्समध्ये फक्त हाय रेंजचे लांब गिअर घाला किंवा ओव्हरड्राइव्ह (वरचा जादा गिअर) लावा. लो जशी होती तशी राहते.

आणखी एक, स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर बॉक्सच्या आउटपुटवर असते. डिफ बदलले की तो खोटं बोलायला लागतो, काट्यावर ६० दिसतंय तेव्हा खरा स्पीड ८० च्या आसपास. ओव्हरड्राइव्ह किंवा ट्रान्सफरचे गिअर बदलले तर असं होत नाही कारण ते केबलच्या आधी येतात.

गिअरबॉक्स... झेपतो, पण पाय हलका हवा. २.२५ पेट्रोल साधारण ७० हॉर्सपॉवरचं, हे १११ चं, आणि टॉर्क २६५ न्यूटन मीटर अगदी खालच्या आरपीएमला. लोड घेऊन चढावर खालून दाबलंत तर गिअर नाहीतर मागचा हाफशाफ्ट जाणार. सिरीज ३ ला चारही गिअरना सिंक्रो (गिअर सहज पडायची सोय) आहे म्हणून लोक निष्काळजीपणे टाकतात, ती गोष्ट वेगळी. पहिल्यांदाच उघडताय तर गिअर जोडीनेच बदला, आणि क्राउन पिनियनची (डिफमधल्या दोन मुख्य गिअरची) जोडी तर कधीच फोडू नका, ती एकत्र घासून जुळवलेली असते.

चिखल्या

टर्बो काढूनच टाका ना मग! साधा मॅनिफोल्ड लावा, अडायचा प्रश्न मिटला, गिअरबॉक्सही वाचला. खूप जण असंच चालवतात.

गिअरगुंड

हो, तेही चालतं. मजा जाते पण चालतं.

धन_ऋण

वायरिंगवर कोणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. जुना हार्नेस (वायरींचा जुडगा) वापरू नका, प्लीज. त्या काळच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं आणि बल्कहेडच्या भोकातून जिथे जाते तिथे ग्रोमेट (रबरी कडं) गळालेलं असतं. नवा हार्नेस तयार मिळतो. अर्थिंगकडे लक्ष द्या, चासीला जस्त, वर रंग, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची तीही रंगवलेली, मग लाइट मंद, इंडिकेटर वेडेवाकडे. इंजिन ते चासी, बॅटरी ते चासी आणि बल्कहेड ते चासी अशा जाड पट्ट्या स्वच्छ घासलेल्या जागेवर लावा आणि वर ग्रीस. टीडीआयला इंधन बंद करायला पंपावर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो, त्याला चावीतून वेगळी लाइन हवी, पेट्रोलच्या इग्निशन कॉइलची वायर तिथे वापरता येते.

जुनंतेसोनं

ताईंचा प्रतिसाद एकदम बरोबर.

बॉडीचं राहिलंच. बाहेरचा पत्रा बर्माब्राइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, तो भंगारातला खुशाल घ्या, पोचे काढता येतात. ठोकून कडक झाला की तडकतो, म्हणून आधी साबण घासायचा, गॅसच्या आचेने साबण काळपट होईपर्यंत तापवायचं आणि मग ठोकायचं, मऊ होतो. त्याहून जास्त तापवलं तर समोरच वितळून खाली पडेल, रंग बदलून इशारा देत नाही तो. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे टेकतं तिथे मध्ये प्रायमर, टेप काहीतरी घालाच, नाहीतर पाणी लागलं की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पावडर होते. दरवाजाच्या आतली फ्रेम लोखंडी असते, तिचा खालचा काठ बोटाने चाचपून मगच दरवाजा घ्या.

बल्कहेड नव्या चासीवर पहिला चढवायचा, पण बोल्ट सैल. मग दरवाजे, मग मागचा टब (बॉडीचा मागचा भाग), फटी जुळवायच्या, आणि सगळं सरळ झालं की कसायचं. गाडीची सगळी मापं बल्कहेडवरून निघतात. रंग त्यानंतर, सगळं एकदा कोरडं जोडून बघितल्यावर. चासी आली की ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करून कर्ण मोजून घ्या, गरम जस्तातून आल्यावर थोडं वाकणं शक्य असतं. आणि सगळ्या आट्यांच्या भोकांत जस्त भरलेलं असणार, टॅप मारत बसावं लागेल.

बल्कहेड स्वतः मात्र गॅल्व्हनाइज करू नका असं माझं मत, पातळ पत्रा आहे, वेडावाकडा होतो. काही जण करतात, त्यांना जमतं, असो.

दहा_अकराचा_पाना

कागदपत्रांचं पण बघा हं. सिरीज ३ चा चासी नंबर पुढच्या उजव्या बाजूच्या स्प्रिंग हँगरवर ठोकलेला असतो. जुनी चासी कापून भंगारात घालायच्या आधी तिचे फोटो, नव्या चासीचं बिल, डिस्कवरीची खरेदी, सगळं एका फाइलमध्ये. तुमच्याकडे नोंदणीचा नियम काय ते आधी विचारा, मग ग्राइंडर. नंबर कापून नव्यावर चिकटवायचा शहाणपणा तर अजिबात नको.

लो_रेंज

ठरलं. डिफ ४.७ चेच, टर्बो ठेवतोय, चासी माउंट वेल्ड करून मगच झिंक. डिस्कवरी अजून चालू आहे, इंजिन उतरवायच्या आधी काय बघू? आणि तिची चाकं लावता येतील का, टायर चांगले दिसतायत.

गिअरगुंड

चाकं नको. बोल्टचं वर्तुळ तेच आहे, साडेसहा इंचावर पाच, पण ऑफसेट (चाक किती आत बसतं ते) वेगळा, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतून कमानपाट्याला लागतं. टायरची तारीख बघा, शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष, "चांगले दिसतायत" यावर जाऊ नका.

इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघा, गरम करून ठेवलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. तेलाचं झाकण काढून किती धूर फुसफुसतो ते बघा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या, चारही सिलिंडरमध्ये फार फरक नको. पाण्यात तेल, तेलात पाणी तपासा. आणि उतरवलं की टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं असू दे. बेल्ट तुटला तर पुशरॉड वाकतात, नशीब फुटकं असेल तर त्याहून जास्त.

डिस्कवरी लगेच विकू नका हां. रेडिएटरचे पाइप, इंटरकूलर, क्लिपा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, फिल्टरचा डबा, एकेक ब्रॅकेट, हे सगळं सुटं घ्यायला गेलात की रडाल. गाडी रस्त्यावर येईपर्यंत सांगाडा राहू द्या अंगणात.

लो_रेंज

बायको हे वाचतेय मागून. ती विचारतेय "येईपर्यंत" म्हणजे कधी.

धन_ऋण

तिला इकडे आयडी काढायला सांगा, वायरिंगला दुसरे दोन हात लागतातच.