मदत हवी आहे: मोठी झाडं आहेत, रोपंही उगवतात, पण मधली पिढीच नाही. सांबर, भेकर की शेळ्या?

घाटमाथा_पाटण
पाटण तालुक्यात कोयनेच्या अंगाला ७ एकर मालकी रान आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा ही जुनी झाडं शाबूत आहेत. पावसाळ्यात जांभळाखाली वीत-वीतभर रोपं दाट उगवतात, पण गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचं एकही जांभूळ सापडत नाही. त्या उंचीला फक्त कारवी, रामेठा आणि कडेने रानमोडी ही झुडपं. सांबर-भेकर येतात, उन्हाळ्यात शेळ्याही शिरतात. नेमकं कोण खातंय आणि ते मोजायचं कसं?

रानखूण
आधी खाल्लेला शेंडा हातात घेऊन बघा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते कोंब धरून ओढतं, त्यामुळे टोक फाटकं राहतं आणि सालीचे धागे लोंबतात. सशाचा काप सुरीने तिरका छाटल्यासारखा स्वच्छ असतो, आणि तोही जमिनीलगत. शेळीलाही वरचे दात नाहीत, म्हणून नुसत्या शेंड्यावरून शेळी आणि हरीण वेगळं करता येत नाही. तिथे खूर आणि लेंड्याच बघाव्या लागतात.

मग एक वीतभर रोप निवडून बुंधा तपासा. उंची वीतभर, पण बुंधा बोटाएवढा जाड आणि खोडावर जुन्या तुटीच्या गाठी असतील, तर ते यंदाचं रोप नव्हे. ते वर्षानुवर्षं खुडलं जातंय. बुंधा काडीसारखा आणि बिनगाठीचा असेल, तर रोपं बहुधा सावलीने मरतायत. मग हरणांना दोष देऊन उपयोग नाही.

कुंपणमाप
पुरावा हवा तर शेजारी-शेजारी तीन प्लॉट करा, प्रत्येकी १०×१० मीटर. उतार आणि वरची सावली तिन्हींवर सारखी हवी. कुठला बंद करायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर चांगली रोपं असलेल्या जागेकडेच हात जातो. पहिला उघडा. दुसऱ्याला २.४ मीटर उंच जाळी. तिसऱ्याला १.२ मीटर जाळी: शेळ्या-गुरं अडतात, सांबर उडी मारून आत जातं. भेकर मात्र इथे अर्धवट अडतं, त्यामुळे तिसऱ्या प्लॉटवरून सांबराबद्दलच बोला.

मोठ्या जाळीला ४० मीटर घेर आणि दर अडीच मीटरला एक असे १६ पाइप लागतात. पाइप ३ मीटरचा, ६० सेंमी जमिनीत. चारही कोपऱ्यांना तिरके टेकू द्याच. कोयनेच्या पावसात वेल जाळीवर चढतात, त्यांना वारा धरतो आणि टेकू नसलेला कोपरा सगळ्यात आधी झुकतो. श्रावणात आणि दिवाळीआधी वेल कापा.

जाळी लावण्यापूर्वी पहिली मोजणी करा. आतला १ मीटर काठ सोडून मधल्या ८×८ मीटरमध्येच मोजा. जात लिहा आणि उंचीचे चार गट करा: ३० सेंमीपर्यंत, ३० ते १३०, १३० ते २००, त्यावर. पुढे दर वर्षी ऑक्टोबरात.

घाटमाथा_पाटण
किती वर्षांत कळेल? आणि तोवर रोपं वाचवायची कशी?

रानखूण
गवत आणि बारकी रोपं दोन-तीन वर्षांत फरक दाखवतात. झाडाचा शेंडा २ मीटरच्या वर जायला मात्र पाच ते दहा वर्षं धरा. घाई इथेच नडते. पहिल्या दोन वर्षांत जाळीच्या आत कारवीही माजते, रोपं तिच्याखाली दबतात, आणि कुंपण फुकट गेलं असं वाटतं. कारवी साधारण आठ वर्षांनी फुलून एकदम मरते. त्या वर्षी जमिनीवर ऊन पडतं, आणि तेव्हा रोपं आत जिवंत असली तरच ती वर सरकतात.

तोवर करवंदाच्या झुडपाच्या पोटात जांभूळ लावा. काटे तोंड लागू देत नाहीत. मोकळ्यावरच्या रोपाला २ मीटर लांब जाळीचा तुकडा गोल वळवून ६० सेंमी व्यासाचा पिंजरा करा, उंची १.८ मीटर. शेंडा वर निघाल्यावरही पिंजरा लगेच काढू नका, सांबर नर शिंगं घासून साल काढतो.

कुंपणमाप
कुंपणात वीज सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. माणूस, गुरं, जनावर काहीही मरू शकतं. शिवाय सागरेश्वर अभयारण्याचे अनुभव इथे जसेच्या तसे लावू नका. ते सांगलीकडचं १०.८७ चौरस किलोमीटरचं कोरडं, कुंपण घातलेलं रान. तुमच्याकडे हरणं येती-जाती आहेत आणि रानकुत्रीही त्यांच्या मागे असतात. हरणं आवळा खाऊन रवंथाच्या जागी कठीण बी टाकतात, तर त्यांच्या बसण्याच्या जागी आवळ्याची रोपं दिसली की तीही वहीत नोंदवा.