ग्रुपो निचे नक्की कोणाचा? लिहिणाऱ्याचा की गाणाऱ्यांचा?

नदीकाठ:
सालसाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं नाचाच्या क्लासपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं, म्हणून हा धागा मुद्दाम गाण्यांसाठी काढतोय. माझं मत आधीच सांगतो. कोलंबियाचा ग्रुपो निचे हा बँड हायरो वारेलाचा होता आणि तो वारल्यावरही त्याचाच आहे. गायक चांगले होते, काही तर फार मोठे होते, पण ते आले, गायले, गेले.

वारेला कीब्दोचा, जन्म १९४९. कीब्दो म्हणजे चोको प्रांताची राजधानी, पॅसिफिककडचा धो धो पावसाचा भाग, बहुतेक वस्ती काळ्या लोकांची आणि सरकारचं लक्ष कधीच नाही. तिथून हा माणूस बोगोताला आला, आलेक्सिस लोसानोला बरोबर घेऊन ७०च्या दशकाच्या शेवटी बँड काढला, १९७९ला पहिली एलपी. १९८१ला 'बुएनावेंतुरा इ कानेय' आलं आणि पॅसिफिकच्या बंदराचं नाव सालसात गाजलं, तोपर्यंत सालसा म्हणजे न्यूयॉर्क, पोर्तो रिको आणि क्युबा असंच सगळे धरून चालायचे. मग मुक्काम काली शहरात आणि १९८४ला 'काली पाचांगेरो'. दर डिसेंबरला कालीची फेरिया, म्हणजे मोठी जत्राच असते, तिथे आजही हे गाणं वाजल्याशिवाय भागत नाही. ते गायलंय मोंचो सांतानाने. आता सांगा, गाणं ओळखणाऱ्या किती जणांना मोंचोचं नाव माहितीये?

रेवा_स:
नाही पटलं. मोंचोचं नाव लोकांना माहीत नाही यात वारेलाची थोरवी कुठून आली? बँडच्या नावाखाली गायक झाकला गेला, एवढंच त्यातून कळतं. माणसं जे गुणगुणतात, ज्याच्यावर नाचतात, तो आवाज मोंचोचा आहे, नाव माहीत नसलं तरी.

आणि तुम्ही १९९०च्या अल्बमबद्दल काहीच बोलला नाहीत, 'सिएलो दे ताम्बोरेस'. त्यातलं 'उना आवेंतुरा' चार्ली कार्दोनाने गायलंय. कागदावर ते तसं नेहमीचंच प्रेमाचं गाणं आहे हो, एक भेट झाली, त्यात आपण गुंतलो, वगैरे. कार्दोना त्यात वरच्या पट्टीत जातो तेव्हा ओरडत नाही, आवाज पातळ करत नाही, अगदी सहज जातो, आणि त्यामुळे त्या माणसाने हे खरंच भोगलंय असं वाटतं. त्याच अल्बमवर 'सिन सेन्तिमिएन्तो' आहे, ते हावियेर वास्केसचं. त्याचा आवाज जरा रागातला, दुखावलेला. दोन्ही गाणी वारेलाचीच, मान्य. पण गायकांची अदलाबदल करून बघा मनातल्या मनात. मला तर दोन्ही गाणी बिघडलेली ऐकू येतात.

नदीकाठ:
रेवाताई, कोणतं गाणं कोणाला द्यायचं हे ठरवलं कोणी? वारेलानेच ना? तो स्वतः मुख्य गायक नव्हता, कोरोत, म्हणजे मागच्या साथीच्या गायकांत, उभा राहायचा, म्हणून त्याला कळायचं की या ओळी कार्दोनाच्या आणि या वास्केसच्या. ही निवडसुद्धा लिहिण्याचाच भाग आहे असं मी धरतो.

जुना कॅसेटवाला:
मी फ्रुको इ सुस तेसोस या कोलंबियाच्याच बँडचा चाहता, निचे मला नंतर भेटला, त्यामुळे थोडं मागे जाऊन बोलतो. फ्रुको म्हणजे मेदेयीन शहराचा हुलिओ एर्नेस्तो एस्त्रादा, दिस्कोस फुएन्तेस या रेकॉर्ड कंपनीत पोरवयातच शिरलेला. न्यूयॉर्कचा सालसा ऐकून आला आणि ७०च्या सुरुवातीला स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. बँड त्याचा, नाव त्याचं, बेस वाजवणारा तोच. तरी आज त्या बँडचं कुठलं गाणं पहिलं आठवतं? १९७५चं 'एल प्रेसो', कैद्याचं गाणं. लिहिलं आल्वारो वेलास्केसने, गायलं विल्सन मान्योमाने, ज्याला सगळे साओको म्हणायचे. त्यातला कैदी डोळ्यासमोर उभा राहतो तो साओकोच्या आवाजामुळे, फ्रुकोच्या बेसमुळे नाही.

आणि दुसरा गायक होता कार्ताहेना शहराचा हो आरोयो. फ्रुकोने त्याला उचलला तेव्हा तो जेमतेम पोरगा होता. तो तिथे घडला आणि १९८१ला बाहेर पडून स्वतःचा ला वेर्दाद हा बँड काढला. पाच वर्षांनी 'रेबेलियोन' आलं, कार्ताहेनातल्या गुलाम नवरा-बायकोची गोष्ट, त्यात चेलितो दे कास्त्रोचा पियानो आहे तो एकदा तरी हेडफोन लावून ऐका. फ्रुकोचा बँड त्यानंतरही चालू राहिला पण लोक आरोयोच्या मागे गेले. २०११ला तो वारला तेव्हा सगळा देश हळहळला. म्हणून मी रेवाताईंच्या बाजूने. मालक कोणीही असो, श्रोता गायकामागे जातो.

किरण७:
तुम्ही दोघं गायक आणि कवी यांच्यात भांडताय आणि अरेंजर बाहेरच राहिला. आलेक्सिस लोसानो निचेतून निघाला आणि त्याने ग्वायाकान हा बँड काढला. ट्रॉम्बोनवाला माणूस, तोही चोकोचाच. शब्द निनो काइसेदोचे. १९९२ला त्यांनी 'ओइगा, मिरे, बेआ' केलं आणि कालीचं गाणं म्हणून 'काली पाचांगेरो'च्या शेजारी आणून उभं केलं. ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, कसे आत येतात, कुठे थांबतात, कोरो किती वेळा फिरतो, हे सगळं ठरवणारा माणूस निचे सोडून गेला, तरी निचे टिकला आणि त्याचाही बँड टिकला. याचा हिशोब कोणत्या बाजूला धरायचा?

नदीकाठ:
माझ्याच बाजूला 😊 लोसानो गेला, निचे चालू राहिला. मोंचो गेला, ८०च्या मध्यावर पोर्तो रिकोचा तितो गोमेस आला, सोनोरा पोन्सेन्या आणि रे बारेत्तो यांच्या बँडमध्ये गाजलेला, म्हणजे आधीच स्टार असलेला माणूस. तोही गेला, निचे चालूच. ९०च्या दशकात वारेलाला बेकायदा संपत्तीच्या प्रकरणात तुरुंगात जावं लागलं, काली कार्टेल या ड्रग टोळीच्या पैशाशी जोडलेलं प्रकरण होतं ते, तेव्हाही बँड बुडाला नाही. आरोयोचं उदाहरण खरं आहे पण आरोयो स्वतः लिहायचा. 'रेबेलियोन' त्याचंच आहे. म्हणजे तिथेही लिहिणाराच जिंकला की.

जुना कॅसेटवाला:
हे मात्र चुकीचं मांडताय. आरोयो लिहायचा हे खरं, पण फ्रुकोकडे असताना त्याचं नाव झालं ते गाण्यामुळे. सालसाच्या गाण्याचा अर्धा भाग बांधलेला असतो आणि मग मोंतुनो लागतो, कोरो तीच ओळ परत परत म्हणतो आणि मुख्य गायक मधल्या जागा भरतो. त्या जागा भरता येतात तो सोनेरो. तिथे वहीतलं काही कामाला येत नाही, तालाच्या कुठे पाऊल ठेवायचं हे त्या क्षणी ठरतं. आरोयो तिथे घोड्यासारखा खिंकाळायचा, ती त्याची खूण होती. ते कोण लिहून देणार?

माधवी_न:
मी न्यू जर्सीत असते, आमच्या ऑफिसात कालीची बरीच माणसं आहेत, त्यामुळे दोन पैसे माझेही. त्यांच्या पार्टीत 'उना आवेंतुरा' लागलं की सगळे तोंडपाठ म्हणतात आणि म्हणताना नक्कल कार्दोनाची करतात, त्याच जागी तसाच आवाज वर नेतात. पण मी विचारलं की तुमचा आवडता गायक कोण तर उत्तर येतं "निचे". वाद मला इथेच अडकतो. त्यांच्यासाठी बँड हेच माणसाचं नाव आहे. त्यातही चोकोकडची जी माणसं आहेत ती वारेलाबद्दल वेगळ्याच आवाजात बोलतात, कारण आपल्या गावाचं, आपल्या रंगाचं नाव ('निचे' म्हणजे तिकडे काळा माणूस) न लाजता लाऊडस्पीकरवर लावणारा त्यांना तो पहिला वाटतो. या भावनेत गायक मागे पडतात, आणि मला ते चूक वाटत नाही.

रेवा_स:
माधवी, तुझं चोकोबद्दलचं पटलं, ते वारेलाचंच, कोणी काढून घेऊ शकत नाही. तरी एक सांग. वास्केस आणि विली गार्सिया हे दोघं निचेतून बाहेर पडले आणि त्यांनी मिळून सोन दे काली हा बँड काढला, तो चालला. का चालला? लोकांना ते आवाज हवे होते म्हणूनच ना. आणि तितो गोमेस पोर्तो रिकोचा असून २००७ला वारला तो कालीत. निचेने त्याला त्या शहराचा केला असं तुम्ही म्हणाल, मी म्हणेन त्याच्यासारख्यांनी निचेला पॅसिफिकच्या बाहेर नेलं.

नदीकाठ:
वारेला २०१२च्या ऑगस्टमध्ये गेला. आता होसे आगिर्रे बँड चालवतो, गायक सगळे नवीन. त्यांच्या '४०' या अल्बमला २०२०ला लॅटिन ग्रॅमी आणि २०२१ला ग्रॅमी मिळाली. जुना एकही आवाज नाही त्यात. गायकांवरच सगळं असतं तर हे झालं असतं का?

रेवा_स:
वारेला तरी कुठे होता त्यात?

किरण७:
म्हणून म्हणतोय, अरेंजर. आगिर्रे ट्रम्पेटवाला आहे 🎺

जुना कॅसेटवाला:
'४०' मी ऐकलाय, वाजवणं एक नंबर आहे, ब्रास तर फारच स्वच्छ. पण नवीन पोरं जुनी गाणी स्टेजवर गातात तेव्हा कार्दोनाच्या जागा जशाच्या तशा घेतात, एक हरकत इकडची तिकडे करत नाहीत. नदीकाठ, तुमच्या मते गायक येतात-जातात ना, मग या पोरांना त्या जागा बदलायची मुभा का नाही हे सांगा, मग पुढे बोलू.