वारी पोचली, आता पुढे कुठे? (अनुभव लिहा)

यंदा आळंदी ते पंढरपूर पहिल्यांदाच पूर्ण चाललो. दशमीला वाखरी सोडली, एकादशीला कळसाचं दर्शन घेतलं, द्वादशीला बारस सोडली आणि दुपारी एसटी स्टँडवर उभं राहिल्यावर कळेना, आता पाय कुठे न्यायचे. इतके दिवस हे दुसरंच कोणी ठरवत होतं. कर्णा वाजला की उठायचं, विणेकरी निघाला की निघायचं, तळ आला की टेकायचं. शेवटी पुण्याच्या गाडीत बसलो. अडीचशे किलोमीटर पाच-सहा तासांत उलटे गेले आणि मी आठवडाभर घरात फुरंगटल्यासारखा वागत होतो. बायको म्हणाली, पुढच्या वर्षी मधे कुठेतरी उतरून, निवून या.

तर ज्यांनी लांबची पायी यात्रा केलीय त्यांनी लिहा. वारी असो, परिक्रमा असो, परदेशातली असो. संपल्यावर कुठे गेलात? काय मानवलं, काय अंगाशी आलं?

सोलापूरकर:
मंगळवेढा. पंढरपूरहून पंचवीसेक किलोमीटर. "एवढं चाललोच आहोत तर" म्हणून आम्ही तिघे एका वर्षी चालत गेलो. ते करू नका, एसटीने जा. द्वादशीनंतर पायांना डांबरी रस्ता दाखवायचाच नाही.

जायचं ते चोखोबांसाठी. पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे, गर्दीत आपण हात लावून पुढे सरकतो. पण त्यांना मरण आलं ते मंगळवेढ्यात, १३३८ साली. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, माणसं खाली गाडली गेली. नामदेव अस्थी न्यायला आले तेव्हा कुठली हाडं कोणाची हे कळेना. ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. त्या अस्थी याच वाटेने पंढरपूरला गेल्या. आपण उलटे येतो. एसटीच्या खिडकीत बसून हे डोक्यात आलं आणि शेजारच्या माणसाशी बोलणं तोडून मी बाहेर बघत राहिलो.

गावात दामाजीपंतांचं देऊळ आहे. दुष्काळात बादशाही कोठार लोकांना लुटवलं ते हेच. आणि अजूनही हे ज्वारीचं गाव आहे. मात्र आषाढात कणसं शोधू नका, इथली ज्वारी रब्बीची. तेव्हा शिवारात नुसती काळी जमीन दिसते. मला तीच आवडते.

वेळ असेल तर पुढे सोलापूर रस्त्यावर माचणूरला उतरा. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, खाली घाट. शेजारच्या ब्रह्मपुरीत १६९५ पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी होती. आता तिथे इतकं शांत असतं की माणूस पायरीवर बसल्या बसल्या झोपतो. मी झोपलो.

दिंडीतली माय:
आम्ही कुठं जातो? पेरून निघतो आणि जाऊन खुरपतो. पाऊस झाला असंल तर तण आपल्या आधी पोचलेलं असतं.

डोंबिवलीची आजी:
माझं वय ७६. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटीला राज्यभर तिकीट नाही, ही सोय २०२२ पासून आहे. मुलगा गाडी घेऊन न्यायला येणार होता. त्याला म्हटलं, येऊ नकोस, मी फुकटात येते.

पंढरपूर-सोलापूर, सोलापूर-अक्कलकोट, तिथे एक मुक्काम. परत सोलापूर, मग तुळजापूर, तिथे दोन. सोबत दिंडीतल्या दोघी होत्या, त्या साठीच्या, पण बायकांना अर्धं तिकीट असतंच. कंडक्टर माझं आधार कार्ड बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि "आजी, कुठनं?" विचारायचा. चालत आले म्हटलं की खिडकीची जागा मिळायची. तुळजापूरला देवीपुढे जायला पायऱ्या उतराव्या लागतात, हे मात्र गुडघ्यांना आधी सांगून ठेवा. चढण्यापेक्षा उतरणं वाईट.

मुलगा रोज फोन करून विचारी, आता कुठे आहेस? इतकी वर्षं तो प्रश्न मी त्याला विचारत होते.

पुणे ३०:
माझा अनुभव काय करू नये या सदरात घ्या. नवऱ्याने प्रेमाने महाबळेश्वरचं बुकिंग केलं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टाचेला फोड, पाय इतके सुजलेले की नेहमीच्या चपला जाईनात. बाहेर धो धो पाऊस आणि असं धुकं की पॉइंटवर जाऊन फक्त रेलिंग दिसलं. गादीवर झोप लागेना, तीन वाजता जाग यायची आणि टाळ का वाजत नाहीत असं वाटायचं. दुसऱ्या रात्री मी खाली सतरंजीवर झोपले. नवरा रुसला. वारी न केलेल्या माणसाबरोबर लगेच सहलीला जाऊ नये, एवढंच म्हणते. तो बिचारा सुट्टीच्या मूडमध्ये आणि मी अजून तळावर.

परतीवाला:
हे सगळं वाचून गंमत वाटते, कारण उत्तर पंढरपुरातच असतं. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की पालखी परत फिरते. तिच्याबरोबर चला. जाताना लाखो लोक, येताना मोजके. स्वागताच्या कमानी उतरलेल्या, फुकट चहा नाही, वाटप नाही, फोटोवाले नाहीत. जाताना लागतात त्याच्या जवळजवळ निम्म्या दिवसांत आळंदी गाठायची, म्हणून टप्पे मोठे आणि चाल भरभर. पाच वर्षं मी फक्त जात होतो. परतीला पहिल्यांदा माऊलींच्या रथाच्या इतका जवळून चाललो की चाकाचा आवाज ऐकू आला.

नर्मदे हर:
परिक्रमा पाच महिन्यांत केली, ओंकारेश्वरहून ओंकारेश्वर. परिक्रमेत नदी ओलांडायची नाही. तिथलं ज्योतिर्लिंग बेटावर आहे, त्यामुळे सुरुवातीला ते समोर दिसत असूनही जाता येत नाही. परिक्रमा पूर्ण झाली की पूल ओलांडायचा आणि बरोबर वागवलेलं जल देवाला अर्पण करायचं. कुठे गेलात असं विचारताय, तर माझा सगळ्यात मोठा प्रवास तो पूल. मधोमध पाय अडखळले. खाली पाणी दिसत होतं आणि आपण काही चोरून करतोय असं वाटत होतं. मागून येणारा माणूस "चलो बाबाजी" म्हणाला.

नंतर मांडूला गेले. रूपमतीच्या महालावर. नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय ती जेवत नसे म्हणतात, तिथून खाली मैदानात दूर नदीची रेघ दिसते. त्या दिवशी हवा धूसर होती. बरोबरचे वाकून वाकून शोधत होते. मी शोधली नाही. पाच महिने उजव्या हाताला होती, आता एक दिवस नाही दिसली.

(हो, मी बाई आहे. बाबाजी म्हणणाऱ्याने मागून कानटोपी पाहिली होती.)

कानडी मुलखातला मराठी:
हंपी. दिंडीतल्या एका वृद्ध वारकऱ्यांनी भानुदासांची गोष्ट सांगितली होती. कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन आले, ही आपली परंपरा. सोलापूर, विजयपूर, होस्पेट असा गेलो. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ ज्या देवळाच्या अंगणात आहे, ते विठ्ठलाचं देऊळ. गाभारा रिकामा. लोक रथापाशी फोटो काढतात, आत फारसं कोणी थांबत नाही. मी तीन दिवसांपूर्वी रांगेत रेटारेटी सोसून ज्याला पाहिलं, त्याची रिकामी जागा इथे निवांत बघायला मिळाली. देवळापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या आहेत, पायवाल्यांनी लाजू नये.

स्पेनहून:
फ्रान्सच्या सीमेवरून सांतियागोपर्यंत, म्हणजे इथल्या ख्रिस्ती वारीचं पंढरपूर, सुमारे ७८० किलोमीटर चाललो, ३४ दिवस. पोचल्यावर लोक फिनिस्तेरेला जातात, समुद्रापर्यंत आणखी ९० किलोमीटर. बहुतेक बसने जातात, मी चार दिवस चालत गेलो. तिथे टोकावर शून्य किलोमीटर लिहिलेला दगड आहे. पूर्वी लोक तिथे कपडे-बूट जाळायचे, आता मनाई आहे. मी ते बूट घरी आणले, माळ्यावर आहेत. सांतियागोच्या चौकात मला सुन्न वाटलं होतं. इथे नाही, कारण पुढे चालायला जमीनच नव्हती.

धागा काढणारा:
सगळ्यांचे आभार. सोलापूरकर, मंगळवेढ्याची एसटी द्वादशीला मिळते ना?

सोलापूरकर:
मिळते. पण यात्रेच्या दिवसांत तात्पुरती बसस्थानकं करतात आणि गाड्या वाटून लावतात. नेहमीच्या स्टँडवर जाऊन उभे राहू नका, आधी विचारा. आणि चपला एक नंबर मोठ्या घेऊन ठेवा.